खोडव्याचे बारा दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, पुण्यातल्या त्या मैत्रिणीलाही नाही जिला एरवी माझं सगळं ठाऊक असतं. थांबा — हेही पुरतं खरं नाही. सांगितलंय. पण सांगितलं ते वेगळंच. त्या सांगण्यात मी एक बिचारी बाई असते, जिच्या हातात काही नव्हतं, जिचं कंपनीपुढं आणि मशीनपुढं चाललं नाही. ऐकणारा हळहळतो. 'तू तरी काय करणार होतीस?' म्हणतो. मी मान हलवते. ही मान हलवायची आता इतकी सवय झालीय की कधीकधी मलाच वाटतं, तसंच झालं असेल.

तसं झालेलं नाही.

कुठून सुरू करू? माझ्यापासूनच करायला हवं, कारण यात दुसऱ्या कुणाची चूक नाही.

मी मानवतची. वडील मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, कापूस तोलायचे. शिक्षण परभणीला, नोकरी पुण्याला. तिथं नऊ वर्षं काढली आणि लॉकडाऊनमध्ये घरी आले ती परत गेलेच नाही. आमच्या कंपनीनं तेव्हा ठरवलं की माणसं गावाकडं राहूनच काम करणार असतील तर तिकडंच एक छोटं ऑफिस काढू. परभणीत वसमत रोडवर, टाइल्सच्या दुकानावरचा एक मजला घेतला. आम्ही अकरा जण. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो — कुणाच्या उसाची नोंद कधी, कुणाची तोड कधी, टोळी कुठल्या शिवारात पाठवायची. मी प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे स्वतः काही बनवायचं नाही. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, कुठं अडलं, हे बघायचं आणि वर पुण्याला कळवायचं. पोरं मागून मला मुकादम म्हणायची. मला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

आणि सुधाकर सर.

सर बोरीचे. मी अकरावीत असताना मानवतच्या बसस्टँडमागं दोन खोल्यांचा एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं ते शिकवायचे. सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन बंद. आमच्या घरात तोवर कुणी माऊसला हात लावला नव्हता. माझं बोट बटणावर थरथरायचं, तर सर मागून म्हणायचे, 'दाब गं, काई फुटत न्हाई.' एवढंच शिकवलं म्हणा. पण तेवढ्यावर मी पुण्यापर्यंत गेले. पुढं क्लास बंद पडला. परभणीत ऑफिस सुरू झालं तेव्हा सर जिंतूरला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देत होते. मी स्वतः जाऊन त्यांना बोलावलं. सॉफ्टवेअर तपासायला माणूस पाहिजे होता. सरांपेक्षा चिकाटीचा माणूस मला माहीत नव्हता. चाळिशी उलटून गेल्यावर नवी नोकरी. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्यांसमोर मला 'मॅडम' म्हणाले. मी त्यांना सरच म्हणायचे. आमच्या ऑफिसात अशी उलटी गंमत होती — शिक्षक विद्यार्थिनीला मॅडम म्हणायचा.

त्यांची तपासणी कशी असायची सांगू? आमची पोरं तपासायची म्हणजे बटणं दाबून बघायची. सर डोळे मिटून आधी माणूस उभा करायचे. 'आता मी येलदरीकडचा शेतकरी हाय, मला चष्मा न्हाई, उन्हात फोन धरलाय.' मग बटण दाबायचे. चूक सापडली की ती लिहून ठेवण्यापेक्षा उठून त्या पोराच्या टेबलाशी जायचे, खुर्ची ओढायचे, आणि दोघं मिळून ती काढेपर्यंत बसायचे. आमचा एक बोर्ड होता — भिंतीवरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा — त्यावर प्रत्येक कामाची नोंद, कुणाकडं आहे, किती दिवस झाले. तिथं सरांची नोंद एका ओळीची. 'तपासलं. ठीक.' किंवा 'तपासलं. चूक हाय. बोललो.'

बोललो. या एका शब्दात त्यांचं अर्ध्या दिवसाचं काम असायचं. मला ते माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते — मला ते पुरतं माहीत होतं.

मग पुण्याहून एक एआय आलं. त्याच्याबद्दल वाईट बोलून सुटका करून घ्यायचा माझा विचार नाही. चांगलं होतं ते. आमचा बोर्ड वाचायचं, ग्रुपवरचे मेसेज वाचायचं, मीटिंगमधलं बोलणं टिपून घ्यायचं, आणि दर सोमवारी सकाळी नऊ वाजता सगळ्यांना थोडक्यात आणि पुण्याला पूर्ण अहवाल पाठवायचं. कुठलं काम मागं पडलंय, का पडलंय, कुणावर जास्त भार आहे, पुढं कुठं अडणार आहे. एका मुलीवर तीन कामं एकाच वेळी येऊन पडली होती, ते माझ्या आधी त्याला दिसलं. माझे सोमवारचे दोन तास वाचायचे. पोरांनी माझं नाव काढून त्याला दिलं — आता मुकादम ते. 'मुकादम काय म्हणला?' असं सोमवारी एकमेकांना विचारायचे.

पुण्याच्या माणसानं शिकवताना एक गोष्ट दोनदा सांगितली होती. मुकादमाला फक्त लिहिलेलं दिसतं. जे लिहिलेलं नाही ते तुम्ही सांगायचं. त्यासाठी अहवालाखाली एक चौकोन होता — मॅनेजरचं मत. आणि अहवालाचा मसुदा शुक्रवारी फक्त मला दिसायचा, म्हणजे काही चुकलं असेल तर मी सोमवारच्या आत दुरुस्त करावं.

दुरुस्त करावं.

आता खोडव्याचं सांगते. उसाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ऊस तोडला की बुडखा जमिनीत राहतो, त्याला परत फुटवे येतात, तो दुसऱ्या वर्षीचा ऊस म्हणजे खोडवा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तोडीची पाळी लावणीच्या तारखेवरून लागायची. आधी लावलेला ऊस आधी तोडायचा. सरांना तपासताना दिसलं की खोडव्यालाही आम्ही जुन्या लावणीचीच तारीख धरतोय. म्हणजे मागच्या हंगामात तोडलेला, जेमतेम कमरेला आलेला खोडवा सगळ्यात म्हातारा ठरून आधी तोडीला जाणार, आणि खरा पिकलेला ऊस तुरे फुटून रानात वाळत उभा राहणार. सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, 'मॅडम, ही तारीख मागच्या तोडीपासून धरावी लागती. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला एकदा विचारून घ्या. तवर मी पुढं तपासत न्हाई, उगं चुकीचं पक्कं होईल.'

एक फोन. एवढंच काम होतं.

आणि मी तो केला नाही. का? कारण तो नियम मी स्वतः मान्य करून आले होते. कारखान्याच्या मीटिंगमध्ये शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, 'खोडव्याचं तुमच्या लक्षात आहे ना?' आणि मी — मोंढ्यातली, कापसातली, उसाचं पान न सोललेली मी — म्हणाले होते, 'हो हो, सगळं धरलंय.' आता फोन करून कुठल्या तोंडानं विचारू? तेव्हा कळलं नव्हतं, हे कसं म्हणू? उद्या करते म्हटलं. उद्या म्हटलं, सोमवारी करते. बोर्डवर त्या कामापुढं माझं नाव होतं — 'निर्णय बाकी: वैशाली'. दिवस वाढत होते. सरांनी मधे दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा मी जरा तोडूनच बोलले, 'सर, बघतेय मी.' मग ते आले नाहीत. दुसरी कामं तपासत बसले.

बारा दिवस गेले.

शुक्रवारी दुपारी मसुदा आला. पोरं खाली डबे खायला गेली होती. लाइट गेलेली, इन्व्हर्टर मधून मधून पिकपिक करत होता. मी मसुदा उघडला. पहिलीच ओळ — काम उशिरा जाण्याचं मुख्य कारण: निर्णय बारा दिवस प्रलंबित, जबाबदार व्यक्ती वैशाली. खाली इंग्रजीत एक वाक्य होतं, मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं: 'चाचणी विभागानं ही त्रुटी पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिली होती.'

बघा ना. मशीननं सरांची बाजू घेतली होती. खरं तेच लिहिलं होतं त्यानं.

मी किती वेळ बसले असेन? पाच मिनिटं? हा अहवाल सोमवारी पुण्याला जाणार. त्या महिन्यात पुण्यात कुजबुज होती की छोट्या ऑफिसांमधून एकेक माणूस कमी करणार. मी काही विचार करून ठरवलं असं म्हणता येत नाही — आणि ठरवलं नाही असंही म्हणता येत नाही. माझा हात शांत होता. बोर्ड उघडला. मॅनेजर म्हणून मला कुठल्याही कामापुढचं नाव बदलता येत होतं. 'निर्णय बाकी' हे मी खोडलं. तिथं लिहिलं 'चाचणी सुरू'. माझं नाव काढलं. सरांचं टाकलं. सुरुवातीची तारीख बारा दिवस आधीची ठेवली. त्रुटी कळवल्याची सरांची एक ओळ होती, 'चूक हाय. बोललो.' — ती काढली आणि त्या शुक्रवारच्या तारखेनं परत टाकली. मग मसुदा पुन्हा तयार करायचं बटण दाबलं.

तो अर्ध्या मिनिटात तयार झाला. आता त्यात लिहिलं होतं की काम चाचणीत बारा दिवस अडकलं, सुधाकर यांनी त्रुटी शेवटच्या दिवशी कळवली. आणि मुकादम तेवढ्यावर थांबला नाही. त्याला आता एक धागा सापडला होता. त्यानं सरांच्या मागच्या नोंदी काढल्या — त्या एकेका ओळीच्या नोंदी — आणि खाली लिहिलं की त्यांचं नोंदलेलं काम बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी आहे, हे एकदाच घडलेलं नाही, लक्ष द्यावं.

हे मला अपेक्षित नव्हतं असं मी मैत्रिणीला सांगते. पण थोडं तरी अपेक्षित असणारच. ज्याचं काम बोलण्यात असतं त्याच्या नोंदी किती असणार?

चौकोन रिकामा होता. मॅनेजरचं मत. मी लिहिलं, 'सहमत. सरांशी बोलत आहे.'

पोरं जेवून वर आली. सर सगळ्यात मागं होते. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर दोन पेरू ठेवले, घरच्या झाडाचे. मी थँक्यू सर म्हणाले.

शनिवारी सकाळी मी शेतकी अधिकाऱ्यांना फोन केला. आता लाज कसली वाटायची होती? चार मिनिटं बोलणं झालं. ते म्हणाले, 'बरं झालं बाई, आत्ताच विचारलं. हंगाम सुरू झाल्यावर बोंब झाली असती.' रागावले नाहीत. एक शब्दही लावला नाही. ज्या फोनला मी बारा दिवस भ्याले तो असा झाला. उलट पुढं कारखान्यानं पत्र पाठवलं, वैशाली मॅडमनी खोडव्याची चूक वेळेत पकडली म्हणून. ते पत्र ऑफिसात लावलंय. अजून आहे.

सोमवारी अहवाल गेला. बुधवारी पुण्याहून साहेबांचा फोन आला. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायची सोय असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचारायचं ते नीट विचारलं. म्हणाले, 'वैशाली, एक जण कमी करावा लागणार आहे, आणि हा अहवाल समोर आहे. पण तू त्यांना ओळखतेस. मशीनला दिसत नाही ते तुला दिसत असेल. हे बरोबर आहे का?'

काय बोलायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. साहेब, थांबा, मी नाव बदललंय. एवढं वाक्य. फार तर माझी नोकरी गेली असती. फार तर.

मी म्हणाले, 'आकडे तर तेच सांगतायत, साहेब.'

'ठीक आहे,' ते म्हणाले. मग, 'तूच सांग त्यांना. तुझं ऐकून घेतील.'

सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी सरांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, पुण्याला गेलेल्या पूर्ण अहवालाचं छापलेलं पान पुढं ठेवलं. ते इंग्रजीत होतं. सर ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत होते. मी पाण्याच्या बाटलीकडं बघत होते. बोट एका ओळीवर थांबलं.

'बारा दिवस?' ते म्हणाले. रागानं नाही. कोड्यात पडल्यासारखं. 'वैशाली, मी तर तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? खोडव्याचं?'

दार बंद असलं की ते मला नावानंच हाक मारायचे. आणि हा प्रश्न ते भांडायला विचारत नव्हते, हे लक्षात घ्या. ते खरंच विचारत होते. त्यांना वाटत होतं, मला माहीत असेल ते मी खरं सांगेन.

मी म्हणाले, 'नाही सर. तुम्ही सांगितलं ते परवाच्या शुक्रवारी. बोर्डवर तारीख आहे ना.'

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग पानाकडं. मग खिडकीकडं. मला वाटलं, आता उठतील, बोर्ड उघडायला लावतील. बोर्डवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणीही उघडला असता तर दिसला असता — शुक्रवार, दुपारी एक चाळीस, वैशाली. पण इतिहास उघडून बघायचं आम्ही सगळ्यांनीच सोडलं होतं. सगळे अहवाल वाचायचे. सरही.

'मग असंल तसंच,' ते म्हणाले. 'मशीनला काय माझ्याशी वैर हाय? त्यानं बघितलं ते लिहिलं.' जरा हसले. 'माझ्याच डोक्यातून निसटायलंय म्हणायचं. वय झालं.'

मी काय केलं? मी त्यांना पाणी दिलं.

नोकरी गेली, त्याबद्दल मी कदाचित स्वतःला समजावू शकले असते. माणसांच्या नोकऱ्या जातात, दुसऱ्या लागतात. आमच्याच एका ओळखीच्यांकडं त्यांना जागा मिळत होती, मीच शब्द टाकला होता — पापाला उतारा म्हणून. सर गेले नाहीत. म्हणाले, आता लोकांच्या कामात हात घालायला भीती वाटती. मी म्हटलं, नाराज आहेत, होतील बरे. आणि कामाला लागले. खरंच लागले, त्या महिन्यात मी छान काम केलं.

चार-पाच महिन्यांनी मंगलवहिनींचा फोन आला. सरांच्या पत्नी. आमचं फारसं बोलणं नव्हतं. दोनदा त्यांच्या हातची शेंगाची चटणी सरांबरोबर आली होती, तेवढीच ओळख. त्या आधी इकडचं-तिकडचं बोलल्या आणि मग एकदम रडवेल्या झाल्या.

'ताई, ह्यांचं काईतरी येगळंच चाललंय. म्हणतात मला आठवत न्हाई, माझ्या डोक्यावर इसंबू नका. परभणीला मोठ्या डॉक्टरकडं दाखवून आणलं. डोक्याचा फोटो काढला. सगळं बरोबर हाय म्हणला डॉक्टर. पण हे ऐकायलेतच न्हाई. तुमी एकदा सांगा ना. तुमचं लय मानतात ते.'

मी म्हणाले, सांगते वहिनी. येऊन सांगते.

आणि गेले, हे खरं आहे. रविवारी सकाळच्या बसनं बोरीला गेले. साऱ्या रस्त्यात मी वाक्य तयार करत होते. सर, ती तारीख मी बदलली. सर, ती तारीख मी बदलली. झरीच्या पुढं गेल्यावर तर मी ओठ हलवून म्हणत होते. शेजारच्या बाईला वाटलं असेल, जप करतेय.

घर रस्त्यापासून आत, पुढं पत्र्याचं शेड, शेडमध्ये वेचून आणलेला कापूस. सर बाहेरच बाजेवर होते. मला बघून मनापासून खूश झाले. 'अरे, मॅडम! मंगल, बघ कोण आलंय.' मग खिशातून एक छोटी वही काढली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं. मला वाकून न बघताही दिसलं — 'वैशाली आली. ११.२०.'

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर खडूनं लिहिलेलं होतं, बंद केली, सहा दहा. दाराच्या मागं लिहिलेलं होतं, कुलूप लावलं, खाली तारखांची रांग. वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या — आता बोला, अशा नजरेनं. त्यांची दहावीतली मुलगी आत अभ्यास करत होती. वहिनी म्हणाल्या, गावातलं कुणी फॉर्म भरायला आलं तर आता हिला शेजारी बसवतात, हिनं तपासल्याशिवाय पाठवत नाहीत. सर, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासलं.

मी म्हणाले, 'सर, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना?'

'डॉक्टरला काय दिसतंय, वैशाली,' ते म्हणाले. 'त्यानं फोटो काढला. फोटोत काय सगळं येतंय का?'

'मी पण सांगते ना.'

'तू मन राखायलीस.' ते हसले. मग वही बाजेवर ठेवली, आणि वहिनी आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, 'तुला खरं सांगू? मला आजबी वाटतं मी तुला तवाच सांगितलं. नुसतं वाटत न्हाई गं, दिसतंय. सोमवार होता. तू टेबलावर डबा उघडून बसली होतीस. ढेमसाची भाजी होती. मी म्हणलं, मॅडम, खोडव्याची तारीख चुकलीय. तू मान हलवलीस, हातात घास होता. इतकं लख्ख दिसतंय. अन् ते झालंच न्हाई. मग अशा डोक्याचा भरवसा माणसानं कसा धरावा?'

ढेमसंच होती.

आईनं करून दिली होती. सोमवारच होता. घास हातातच होता माझ्या. त्या माणसाची आठवण इतकी स्वच्छ होती की मीही विसरलेला तो घास त्यांनी परत समोर आणून ठेवला — आणि तो खोटा आहे असं मानून ते बसले होते, कारण मी तसं सांगितलं होतं. मशीननं नाही. मी. मशीनचा कागद तर ते कधीतरी विसरले असते. माझ्या 'नाही सर' वर त्यांचा विश्वास होता.

वाक्य तयार होतं. तोंडात होतं. आतून मुलीचा मोठ्यानं काहीतरी पाठ करण्याचा आवाज येत होता. बाजेवर ऊन आलं होतं. सर माझ्याकडं बघत होते, उत्तराची वाट बघत नव्हते, नुसते बघत होते. सगळं मला मोकळं होतं. अडवणारं कुणीही नव्हतं.

मी म्हणाले, 'निघते सर. बस चुकेल.'

सर स्टँडपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. बसला वेळ होता. बस काही चुकत नव्हती, हे त्यांनाही कळलं असेल. आम्ही उभे राहिलो. कापसाचं, पोरीच्या परीक्षेचं बोलले. बस लागली तेव्हा त्यांनी खिडकीतून सांगितलं की पोहोचलीस की फोन कर. मी हो म्हणाले आणि केला नाही. बस वळताना मागं बघितलं, तर सर तिथंच उभे होते आणि वही तळहातावर ठेवून काहीतरी लिहीत होते. मी गेले, हेच लिहीत असतील.

याला दोन वर्षं होत आली. ते एआय आता बदललं, नवीन आलंय, त्याला पोरांनी अजून नाव ठेवलेलं नाही. मी त्याच खुर्चीत आहे. मंगलवहिनींचा त्यानंतर एकदा फोन येऊन गेला, तो मी घेतला नाही. बोरीला मी परत गेलेले नाही. जाईन असं इथं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही.